काटा हलला की फी लागली

रेसकोर्सवर शेवटची रेस संपली की पब्लिक स्टँडखाली फाडलेल्या तिकिटांचा खच पडतो. झाडूवाले दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाडत असतात, तरी चार-दोन तिकिटं खांबामागे राहून जातातच. किश्शांचंही तसंच आहे. सत्तावीस वर्षं मी हैदराबादच्या रेसकोर्सच्या ऑफिसात बसतोय. किस्से जमवायला मी कधी गेलो नाही, तेच येऊन माझ्या टेबलाखाली पडत गेले. परवा मित्रांच्या बैठकीत एक सांगायला घेतला, तर त्याच्यामागून दुसरा निघाला, आणि चहा दोनदा गरम करावा लागला. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

माझं काम काय, ते आधी सांगतो, कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते. मी घोड्यांचं काही करत नाही. जॉकींची फी लावतो. कोणत्या रेसमध्ये कोण कोणत्या घोड्यावर बसला, त्याची किती फी झाली, जिंकला असेल तर बक्षिसाच्या रकमेतला त्याचा टक्का किती, दंड झाला असेल तर तो किती कापायचा, हे सगळं माझ्या रजिस्टरात येतं. पैसे आता ऑनलाइन जातात. पण क्लब जुना आहे, त्यामुळे रजिस्टरात जॉकीची सही अजूनही लागते. आणि एवढ्या वर्षांत मी स्वतः एकाही घोड्यावर एक रुपया लावलेला नाही. आमच्या हिला विचारा, तिला अजून ते पटलेलं नाही.

*

आम्ही मूळचे परभणीकडचे. आजोबा बैल हाकायचे. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले, विद्यानगरात घर केलं, आणि मी बैलांवरून घोड्यांवर गेलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पुण्याहून सासरे आले. त्यांनी वडिलांना विचारलं, "चिरंजीव काय करतात?"

वडील म्हणाले, "एका क्लबात अकाउंट्सला आहे."

"कसला क्लब?"

"खेळाचा."

वडील आयुष्यात खोटं बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलले नाहीत. सासऱ्यांनी मान डोलावली, लग्न झालं. पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी मला अंगठी घातली आणि वर एक भारीतली बॅडमिंटनची रॅकेट दिली. ती अजून माझ्याकडे आहे. माळ्यावरच्या कोळिष्टकांना चांगली चालते.

*

याच सासरच्या गोतावळ्यातली एक मावशी होती. खरं काय ते कळल्यावर ती एकटीच शांत राहिली. तिने मला समोर बसवून घेतलं आणि म्हणाली, "मला नीट सांग. तो घोड्यावर बसणारा माणूस जिंकला तर पैसे मिळतात, हे कळलं. हरला तर?"

म्हटलं, "हरला तरी फी मिळते. पहिला येवो नाहीतर शेवटचा, बसण्याची फी सारखीच. जिंकला तर वर टक्का."

"हरायचेही पैसे?"

"हो."

"मग तो घोडा पळवतो कशाला?"

मी हा प्रश्न ऑफिसात गौसभाईंना सांगितला. गौसभाई म्हणजे आमचे काट्याचे मास्तर. रेसच्या आधी प्रत्येक जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर बसतो, त्याचं वजन होतं, आणि ते बरोबर भरलं की गौसभाई हाताने खूण करतात. तो काटा म्हणजे त्यांची खासगी मालमत्ता असल्यासारखा ते पुसतात. गौसभाई म्हणाले, "तुमारी मौसीकू बोलो, फी घोडा दौडाने की हैच नै. काटा हला, फी लगी. आगे का काम घोडे का है."

आणि नियम खरोखर तसाच आहे. आमच्याकडे जॉकी काट्यावर बसून पास झाला की त्याची फी लागते. पुढे घोडा लंगडला, रेस सुटते त्या गेटपाशी अडून बसला, रेसमधून काढून घेतला, तरी जॉकीची फी मालकाला द्यावीच लागते. सवारी झाली असं धरलं जातं. मावशीला हे मी कळवलं. ती म्हणाली, "सरकारी नोकरीच की ही."

*

या नियमावर जगात एकाच माणसाचा आक्षेप होता, आणि तो स्वतः जॉकीच होता. यादगिरी.

यादगिरी अठ्ठेचाळीस वर्षांचा. हाडं, कातडी आणि मिशी, एवढाच माणूस. त्याच्या उमेदीच्या काळात त्याने पुष्कळ रेस जिंकल्या, पण ऑफिसात त्याची ख्याती वेगळ्याच कारणाने होती. काट्यावर वजन झालं आणि नंतर काही कारणाने घोडा पळालाच नाही, तर सगळे जॉकी फी घेतात. यादगिरी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी उभा राहायचा आणि एक चिठ्ठी पुढे करायचा: 'कालच्या सवारीची फी मालकाला परत करावी.' खाली सही. गेल्या थंडीपर्यंत माझ्या कपाटात त्याच्या अशा चौदा चिठ्ठ्या जमल्या होत्या.

पहिल्या वेळी मी त्याला समजावलं, "यादगिरी, नियमाने मिळतात हे पैसे. घे की."

तो म्हणाला, "सार, मेरा बाप अफझलगंज में बोरे उठाता था. बोरा उठाए बगैर किसने पैसा दिया उसकू? पसीना नै तो पैसा नै."

"अरे, वजन उतरवायला तू पहाटेपासून जाड स्वेटर घालून पळतोस. तो घाम नाही का?"

"वो पसीना मेरा, सार. मालिक का पसीना अलग."

मी चिठ्ठी घेतली आणि नोंदीवर रेघ मारली.

*

आता गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. क्लबाचा एक वेल्फेअर फंड आहे. जॉकीच्या घरच्यांच्या मोठ्या आजारपणाचा खर्च त्यातून होतो, मात्र जॉकीचं लायसन्स चालू पाहिजे. आणि पुढच्या वर्षी लायसन्स चालू राहायला या वर्षी निदान एक सवारी झालेली पाहिजे. सवारी म्हणजे माझ्या रजिस्टरात फी लागलेली सवारी. फी परत केली तर सवारीही रद्द.

यादगिरीची बायको लक्ष्मम्मा. दोन्ही गुडघे गेलेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, ती जिना बसून बसून चढायची, एकेक पायरी. डॉक्टरने उगादीनंतरची, म्हणजे आपल्या पाडव्यानंतरची, ऑपरेशनची तारीख दिली होती. आणि गेल्या वर्षी पावसाळी सीझन सरला, थंडीचा निम्मा सरला, तरी यादगिरीच्या नावावर एकही सवारी नव्हती. त्या वयाच्या माणसाला घोडा कोण देतो? पहाटे घोड्यांची मेहनत करून घ्यायला सगळे त्याला बोलवायचे, पण रेसच्या दिवशी पोरसवदा जॉकींना. तरी हा प्रत्येक रेसच्या दिवशी धुतलेली पांढरी ब्रीचेस, म्हणजे जॉकीची घट्ट पँट, घालून, खोगीर चमकवून, काट्याच्या खोलीबाहेर बाकावर बसायचा. कुणाकडे काही मागायचा नाही. मला त्याच्याकडे बघवत नसे.

खोटं कशाला बोलू, एक खोटी नोंद करून टाकावी असंही एकदा मनात आलं. पण हात धजला नाही.

*

यादगिरीच्या काळजीत आमचं ऑफिस बुडालं होतं असं समजू नका. आमच्याकडे गोवर्धनसेठ होते ना.

गोवर्धनसेठ म्हणजे अफझलगंजातले सुक्या मेव्याचे व्यापारी. त्यांनी घोड्यांची नावंही दुकानातूनच उचललेली: अंजीर, खारीक, जर्दाळू, आणि पिस्ता नावाची एक अत्यंत तिरसट घोडी. टक्का काय तो बँकेत जातोच, पण जिंकलेल्या जॉकीला मालकाने खुशीने काहीतरी हातात द्यायचं, असा एक रिवाज आहे. सेठ फार दिलदार. ते द्यायचे पाच किलो साजूक तुपाचा डबा आणि वर दोन किलो काजूकतली.

जॉकीला. ज्याने पन्नास किलोवर जाऊ नये म्हणून सकाळी अर्धी चपाती आणि दुपारी दुसरी अर्धी खाल्लेली असते.

नको म्हणावं तर सेठना राग येणार. म्हणून जॉकी डबा घ्यायचे, फोटो काढायचे आणि सरळ आमच्या ऑफिसात आणून ठेवायचे. त्या सीझनला अंजीर एकसारखी जिंकत सुटली. आमची ही एक दिवस सुलतान बाजारातून माझ्यासाठी दोन नव्या पँटी घेऊन आली आणि म्हणाली, "रेसकोर्सवर कामाला आहात की हलवायाकडे?"

शेवटी गौसभाईंनी आम्हा पाचही कारकुनांना जॉकींच्या काट्यावर बसवलं. सीझन सुरू होताना त्यांनी हौसेने आमचं वजन लिहून ठेवलं होतं. पाच जणांत मिळून अठरा किलो वाढलेले. तेवढ्यात सेठ दारात आले. गौसभाईंनी हात जोडून सांगितलं, "सेठ, अल्लाह के वास्ते अंजीरकू एक-दो रेस हरने बोलो."

*

फी काट्यावर लागते म्हटल्यावर काटा चुकवायला माणूस काय काय करेल, त्याला सुमार नाही. अन्वर नावाचा जॉकी होता. एकदा त्याचं वजन अगदी थोडंसं जास्त भरलं. वेळ उरला नव्हता. त्याने बूट बदलले, पातळ मोजे घातले, घड्याळ काढलं, तरी काटा हटेना. मग त्याने तोंडात हात घातला आणि वरची कवळी काढून गौसभाईंच्या हातावर ठेवली.

गौसभाईंनी अब्रू राखली. रुमालात गुंडाळून कवळी खिशात टाकली आणि पास केलं.

अन्वर ती रेस जिंकला. फोटोसाठी घोड्यापाशी उभा राहिला. मालक शेजारी उभे. सगळे म्हणतायत, हसा, हसा. हा ओठ घट्ट मिटून उभा. मालकांनी खुशीचं पाकीट हातात दिलं, तरी चेहरा तसाच. मालक घाबरले. त्यांना वाटलं, पाकीट बघूनच जॉकी नाराज झाला. त्यांनी बाजूला जाऊन आपल्या भावाकडून काही नोटा घेतल्या आणि पाकीट जाड करून पुन्हा दिलं. अन्वरने मान लववली, पण हसला नाही. तेव्हा मालकांनी गळ्यातली चेन काढायला हात घातला. आता गौसभाईंना राहवेना. ते गर्दीतून घुसले आणि अन्वरच्या हातात रुमाल कोंबला.

मालक मला नंतर म्हणाले, "तुमचे ते काटेवाले देवमाणूस आहेत. त्याला डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला."

*

गेल्या थंडीत एक नवीन मालकमंडळी आली. पुण्या-मुंबईची सात मुलंमुली, सगळी सॉफ्टवेअरमधली. सातांनी मिळून एक घोडा घेतला. मी मराठी बोलतो हे कळल्यावर ती माझ्या टेबलाला चिकटली. त्यांचा पुढारी निखिल. चांगला मुलगा, फक्त प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायचा.

"काका, जॉकी आम्ही प्रोसेस करून निवडणार," तो म्हणाला.

मला संधी दिसली. मी यादगिरीचं नाव सुचवलं. निखिल म्हणाला, "ग्रेट. इंटरव्ह्यू घेऊ." माझ्याच खोलीत लॅपटॉप मांडला. पडद्यावर सहा चेहरे, समोर निखिल, खुर्चीच्या टोकावर यादगिरी, आणि मध्ये दुभाषा म्हणून मी.

पहिला प्रश्न आला, "तुमचा सगळ्यात मोठा वीकनेस कोणता?"

मी सांगितल्यावर यादगिरीने विचार केला. "भूक, सार."

"हरल्यावर तुम्ही ते कसं हँडल करता?"

"घर जाके चाय पीतूं. शक्कर नै डालके."

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

यादगिरीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं, काहीतरी चांगलं बोल. तो म्हणाला, "जमीन पे, सार. पचास के बाद घोडे पे कौन बिठाता?"

तिसऱ्या दिवशी मला मेल आली. अनुभव उत्तम, स्वभाव उत्तम, पण टीमचा निर्णय वेगळा झाला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कँडिडेटमध्ये हंगर दिसला नाही.'

मी ती मेल यादगिरीला वाचून दाखवली नाही. त्या दिवशी त्याने सकाळपासून एक संत्रं खाल्लं होतं.

*

मग मी जे केलं ते आयुष्यात केलं नव्हतं. अफझलगंजात सेठच्या दुकानी गेलो आणि एका माणसासाठी शब्द टाकला. लक्ष्मम्माच्या गुडघ्यांचं सगळं सांगितलं.

सेठ विरघळले. म्हणाले, "घोडा मैं नै दे सकता जाधवसाब, मेरा ट्रेनर मार डालेगा मेरेकू. लेकिन एक रास्ता है."

रास्ता असा. जॉकीचं नाव जाहीर केलं आणि मालकाने ऐन वेळी स्वतःच्या मर्जीने बदललं, तर दोघांनाही फी द्यावी लागते. म्हणजे सेठ खारीकवर यादगिरीचं नाव लावणार, रेसच्या सकाळी बदलणार, यादगिरीची फी लागणार आणि रजिस्टरात सवारी येणार. कुठेही खोटं नाही. मला सेठचा हात धरावासा वाटला.

तसं सगळं झालं. फी लागली. मी नोंद केली, शाई वाळवली, खुशीत घरी गेलो. आमच्या हिने विचारलं, "आज एवढं काय झालंय?" मी तिला सांगितलं. तिने त्या दिवशी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादगिरी टेबलाशी उभा. हातात चिठ्ठी. पंधरावी.

मला खरंच संताप आला. मी म्हणालो, "यादगिरी, तुला कळतंय का तू काय करतोयस? सीझनचे तीन दिवस राहिलेत. ही रेघ मारली तर तुझं लायसन्स गेलं. तुझ्या बायकोने काय जन्मभर जिना बसून चढायचा?"

तो म्हणाला, "लक्ष्मम्मानेच लिखी चिठ्ठी, सार. मेरेसे लिखी नै गई."

मी अक्षर पाहिलं. वेगळंच होतं. मी रेघ मारली. रजिस्टरवर एवढी वाकडी रेघ मी दुसरी मारलेली नाही.

*

आता शेवटचा दिवस. थंडीच्या सीझनची शेवटची रेस, दुपारची उतरती उन्हं. सेठची पिस्ता पळणार होती आणि तिचा जॉकी वजन उतरवायला वाफेच्या खोलीत जरा जास्तच वेळ बसला. बाहेर आला तो चक्कर येऊन खालीच. डॉक्टरने सांगितलं, याला घोड्यावर बसवायचं नाही. रेसला अर्धा तास राहिलेला. बाकीचे सगळे जॉकी कुठल्या ना कुठल्या घोड्यावर लागलेले. ट्रेनर शिव्या देत काट्याच्या खोलीबाहेर आला, आणि बाकावर धुतलेली ब्रीचेस घालून बसलेला माणूस त्याला दिसला.

यादगिरी काट्यावर बसला. गौसभाईंनी वजन पाहिलं आणि हाताने खूण केली. तसेच ते धावत माझ्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "जाधवसाब, काटा हला."

मी रजिस्टर उघडं टाकून गॅलरीत गेलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी एका रेससाठी कठड्याला धरून उभा होतो. जिंकायचं नव्हतं. नुसतं पळायचं होतं.

पिस्ता गेटपर्यंत गेली. गेट पाहिलं. आणि मग तिने मागचे दोन पाय असे उडवले की यादगिरी गवतावर आणि पिस्ता भरधाव उलट्या दिशेने. गौसभाईंनी डोक्याला हात लावला. आता घोडी रेसमधून काढणार. म्हणजे फी लागलेली, पण घोडी न पळालेली. म्हणजे सोळावी चिठ्ठी.

सुटलेला घोडा पकडायला तट्टांवर बसलेली दोन माणसं असतात. ती निघाली. पण तट्टू जवळ आलं की पिस्ता आणखी लांब. रोज पहाटे तिची मेहनत यादगिरी घ्यायचा, त्यामुळे ती फक्त त्याच्या हाकेला थांबते, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. यादगिरीला ठाऊक होतं. पण हाक ऐकू जायला जवळ तर जायला हवं. तो उठला, पँट झटकली आणि पळत सुटला.

पुढे पिस्ता. तिच्या मागे, सेठच्या हिरव्या-पिवळ्या रेशमी सदऱ्यात, अठ्ठेचाळीस वर्षांचा यादगिरी, "रा तल्ली, रा," म्हणजे ये गं माये, ये, असं तेलुगूत ओरडत. आणि यादगिरीच्या मागे अँब्युलन्स. पडलेल्या जॉकीला तपासल्याशिवाय सोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून डॉक्टर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय, "अरे रुको, तपासना है." अँब्युलन्स वेग वाढवते तसा यादगिरीही वाढवतो.

पब्लिक स्टँडमध्ये लोक बाकांवर चढले. रेस सुरू व्हायची होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या खालच्या पायऱ्यांवर दोघांनी पैज लावलेली मी कानाने ऐकली. एकाने घोडीवर, दुसऱ्याने अँब्युलन्सवर. यादगिरीवर कुणीच लावली नाही.

तो चांगलं अर्धं मैदान पळाला. पलीकडच्या वळणावर पिस्ता थांबली, कान टवकारले आणि निमूट मागे फिरून त्याच्यापाशी आली. त्याने लगाम धरला आणि तिला चालवत घेऊन आला. स्टँडमधून अशा शिट्ट्या पडल्या की गेल्या कित्येक सीझनमध्ये जिंकणाऱ्या घोड्याला पडल्या नसतील. पिस्ता काढून घेतल्याची घोषणा झाली. तिच्याविना रेस झाली. कोण जिंकलं ते मला आजही आठवत नाही.

मी ऑफिसात येऊन बसलो. नोंद केली: पिस्ता, यादगिरी, फी लागली. सहीची जागा कोरी. सेठ खिडकीतून डोकावून सांगून गेले, "फी दे देना हां, एक पैसा कम नै." फी देणारा राजी होता, घेणाऱ्याचं तेवढं बघायचं होतं. गौसभाई आत आले. त्यांनी माझ्या टेबलावरचे सगळे कोरे कागद उचलले, कपाटात घातले आणि कपाटाला कुलूप लावलं. मग माझं पेन घेऊन स्वतःच्या खिशात टाकलं.

तेवढ्यात दारात यादगिरी. कोपराला डॉक्टरची पट्टी, सदरा अंगाला चिकटलेला, मिशीतून थेंब गळतायत. धड श्वास घेता येत नव्हता. त्याने भिंतीला हात टेकला आणि माझ्यापुढे हात केला.

"पेन देओ, सार."

मी गौसभाईंकडे पाहिलं. गौसभाई छताकडे पाहू लागले.

"पेन, सार."

माझा नाइलाज झाला. म्हणालो, "द्या गौसभाई." गौसभाईंनी खिशातून पेन असं काढलं, जसं काही कुणी त्यांचा दात काढायला सांगितलं होतं. यादगिरीने ते घेतलं. कागद शोधला नाही. रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, आपलं नाव शोधलं आणि त्याच्यापुढे सही केली. कपाळावरून एक थेंब ओघळला तो नेमका सहीवर, आणि निळी शाई पसरली.

गौसभाईंना राहवलं नाही. "और चिठ्ठी?"

यादगिरीने बाहीने तोंड पुसलं आणि ती ओली बाही आमच्या दोघांसमोर धरली.

"कायकी चिठ्ठी, गौसभाई? देखो ना."